‘कळवतो’ म्हणून गेले, ते गेलेच!

या महिन्यात आलेल्या पत्रांत साताऱ्याच्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात : “ताई, आमचं जुनं घर विकायला काढून आठ महिने झाले. पाहायला माणसं येतात, चहा घेतात, ‘छान आहे हो घर’ म्हणतात आणि ‘दोन दिवसांत कळवतो’ असं सांगून जातात. पुढं काही नाही. ह्यांची आता चिडचिड व्हायला लागली आहे. सासूबाई म्हणतात, वास्तूला दृष्ट लागली. तुम्ही काही सुचवाल का?”

दृष्ट लागली असेल तर जरूर काढावी. मीठ-मोहऱ्यांना काही फार खर्च येत नाही. पण त्यानंतरही गिऱ्हाईक ‘कळवतो’च म्हणत असेल, तर घराकडे आणि स्वतःकडे जरा तिऱ्हाइताच्या नजरेनं पाहायला हवं. हे मी अनुभवानं सांगते आहे. आमच्या सासरचं सांगलीचं घर विकायला आम्हाला चौदा महिने लागले. तेवीस कुटुंबं घर पाहून गेली. पहिल्या सतरांपैकी एकानंही आकडा उच्चारला नाही! आपल्यापैकी पुष्कळजणी एके काळी पोह्यांच्या बश्या हातात घेऊन पाहुण्यांसमोर उभ्या राहिलेल्या आहेत. ‘कळवतो’ या शब्दाचा अर्थ आपल्याला नव्यानं शिकवायला नको.

घर खणभागातलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. पहिला मजला, खाली गाड्या लावायची जागा. मामंजींनी १९९४ साली घेतलेलं. मामंजी २००९ मध्ये गेले, सासूबाई जानेवारी २०२२ मध्ये. वर्षश्राद्ध झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिन्ही भावंडांनी घर विकायचं ठरवलं. आमचे हे, नागपूरचे भाऊजी आणि इचलकरंजीच्या वन्सं. आम्हा दोघा जावांची घरं आहेत. वन्संचं तसं नव्हतं. यजमान गेल्यापासून त्या भाड्याच्या जागेत राहत होत्या आणि दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या तोंडाकडे बघत होत्या. आपल्या वाट्यातून एक खोली-स्वयंपाकघर घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणजे घर विकलं जाणं आम्हाला सोयीचं होतं, त्यांना गरजेचं होतं.

आधी कारण शोधा

पहिले सहा महिने आम्ही नशिबाला बोल लावला. कधी पावसाळा, कधी व्याजदर. मग एक दिवस मी एक साधी शंभर पानी वही केली. कोण आलं, कुणामार्फत आलं, किती वेळ थांबलं, कुठं थबकलं, काय विचारलं, हे सगळं आठवून लिहून काढलं. लिहिता लिहिताच लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येकानं दोन गोष्टी केल्या होत्या. हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या बाजूकडे पाहिलं होतं, आणि “पुराचं पाणी कुठवर येतं?” असं विचारलं होतं.

नकाराचं कारण समोरासमोर कुणी सांगत नाही. स्थळ नाकारताना नाही का, ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात! म्हणून मी आलेल्यांपैकी एका शिक्षिकाबाईंना फोन केला. म्हटलं, “घर घ्या म्हणून नाही विचारत. आमचं काय चुकतं, ते तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत तर उपकार होतील.” बाई आधी संकोचल्या, पण मग पंधरा मिनिटं बोलल्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. घरात शिरताच कोंदट वास येतो. तुमचे मिस्टर ‘पाणी फारसं येत नाही’ म्हणाले, पण कपाटाच्या पायाशी पाण्याची रेघ दिसते. आणि एक दलाल छत्तीस लाख सांगतो, दुसरा चाळीस, तुम्ही अडतीस. मग खरं काय समजायचं?

साताऱ्याच्या भगिनींनी पहिली गोष्ट हीच करावी. येऊन गेलेल्या दोघा-तिघांना, शक्यतो बायकांनाच, फोन करावा. वाद घालू नये, खुलासा देऊ नये. फक्त ऐकावं आणि लिहून घ्यावं. ते काम दलालावर सोपवू नका. आपल्याला वाईट वाटेल असं तो सांगणार नाही.

रंगाखाली काही लपत नाही

सांगलीकरांना पुराचं नवल नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षं तिथं लहान मुलांनासुद्धा पाठ असतात. कृष्णेची पातळी इर्विन पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी आमच्या घरात घोटाभर पाणी आलं. २००५ साली ते खालच्या पार्किंगमध्ये छातीएवढं होतं. २०२१ साली जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या कोरड्या राहिल्या. ही खरी हकीकत.

आणि आम्ही काय केलं होतं? भिंतीच्या खालच्या भागाला रंगाचा एक हात मारून घेतला होता आणि ‘फारसं नाही’ असं म्हणत होतो. ह्यांना खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल ही धास्ती होती. गंमत अशी, की आमच्या दारातून निघालेलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे थांबून तोच प्रश्न विचारायचं, आणि ती बाई बापडी हातानं उंची दाखवून खरं ते सांगायची. मग माणसाच्या मनात येणारच की, यांनी पाणी लपवलं, तर आणखी काय काय लपवलं असेल!

माझं आणि ह्यांचं त्या दिवशी थोडं वाजलंच. शेवटी मी पेन्सिल घेतली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर घोट्याच्या उंचीला रेघ मारून ‘ऑगस्ट २०१९’ असं लिहिलं. पुढच्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी ती रेघ दाखवायची आणि मग घर. चारजण रेघ पाहूनच परत गेले. जाऊ देत! ते पुढंमागं भाजीवालीकडून कळून गेलेच असते. जे थांबले, त्यांनी मात्र आमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

प्रत्येक घराचं काही ना काही दुखणं असतं. कुणाकडं पुराचं पाणी, कुणाकडं उलट पाण्याची टंचाई, कुठं लिफ्ट नाही, कुठं शेजारी पिठाची गिरणी. दुखणं बरं होण्यासारखं असेल तर बरं करा. होण्यासारखं नसेल तर आपणहून सांगा आणि किमतीत धरा. झाकू मात्र नका.

काय दुरुस्त करावं, काय करू नये

कोंदट वासाचं मूळ न्हाणीघराच्या भिंतीत निघालं. आतल्या नळाचा सांधा झिरपत होता. आधी प्लंबर, मग गिलावा, मग भिंत पूर्ण सुकू देणं आणि शेवटी रंग, हाच क्रम ठेवा. ओल्या भिंतीवर रंग दिला तर दोन महिन्यांत पोपडे येतात आणि पाहणाऱ्याला लपवाछपवीचा संशय येतो.

नळांच्या चकत्या, खिडकीच्या अडकणाऱ्या कड्या, बंद पडलेला संडासचा फ्लश, उडालेले दिवे ही लहानसहान कामं आधी करा. गिऱ्हाइकाचं मन अशा किरकोळ गोष्टींवरून उडतं; ‘इथं लक्षच दिलेलं नाही’ असं त्याला वाटतं. उलट नवा ओटा, नव्या फरश्या, नवं फर्निचर यांवर खर्च करू नका. घेणाऱ्या बाईला तिच्या आवडीचा ओटा हवा असतो. आमचे सगळे मिळून अठ्ठावीस हजार रुपये खर्च झाले, त्यातही निम्मे प्लंबर आणि गवंड्याचे.

सगळ्यात अवघड काम निराळंच होतं. घर सासूबाईंनी सोडलं तसंच होतं. फळीवर ओळीनं डबे, माळ्यावर पितळी घागरी, पलंगाखाली गाद्या, हॉलमध्ये मामंजींचा हार घातलेला फोटो. येणाऱ्याला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून आलो आहोत. तिथं आपला दिवाण कुठं बसेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर येईना. एका रविवारी तिघं भावंडं जमली. देव वन्संनी नेले, रीतसर नैवेद्य दाखवून. घागरी भाऊजींनी घेतल्या. फोटो उतरवताना ह्यांचे हात थोडे थांबले. मी काही बोलले नाही. तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. रिकाम्या खोल्या पाहून वन्सं म्हणाल्या, “अगंबाई, एवढं मोठं होतं होय आपलं घर!”

आठवणींचा भाव आणि बाजाराचा भाव

अडतीस लाख हा आकडा कुठून आला होता? भाऊजींच्या एका मित्राचं विश्रामबागेतलं घर तेवढ्याला गेलं होतं, म्हणून! विश्रामबाग कुठं, खणभाग कुठं! उरलेली भर आठवणींची. पण मामंजींनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या खिडक्यांचे पैसे गिऱ्हाईक कशाला देईल?

भाव ठरवायला तीन गोष्टी पाहा. पहिली, आपल्याच इमारतीत किंवा गल्लीत गेल्या वर्षा-दीड वर्षात *विकली गेलेली* घरं. मागितलेली किंमत नव्हे, मिळालेली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेले दस्त शोधता येतात. सूची क्रमांक दोनवर मोबदल्याची रक्कम असते. दुसरी, सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर, ज्याला सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात. तो काही बाजारभाव नव्हे, पण मुद्रांक शुल्क त्या मूल्यावर किंवा करारातल्या किमतीवर, यांत जे जास्त त्यावर लागतं. तिसरी, जवळच्या बँकेच्या यादीवरच्या मूल्यनिर्धारकाचं मत. घेणारा बहुधा कर्ज काढूनच घेतो. बँकेनं मूल्य कमी धरलं, तर गिऱ्हाइकाच्या मनात असूनही त्याला पैसे उभे करता येत नाहीत.

आमच्या घराचा भाव एकतीस ते तेहतीस लाख निघाला. भाऊजी ऐकेनात. “अडतीसच्या खाली एक पैसा नको, थांबू की,” म्हणाले. तेव्हा मी वहीत हिशेब मांडला. एकतीस लाखांवर वर्षाला सहा टक्के व्याज धरलं, तरी महिन्याला साडेपंधरा हजार होतात. सोसायटीचा मेंटेनन्स बाराशे. म्हणजे थांबण्याचा खर्च महिन्याला जवळजवळ सतरा हजार; घरपट्टी, वीजबिल, सांगलीच्या खेपा वेगळ्याच. चौदा महिन्यांचे सव्वादोन लाखांच्या वर होतात! थांबणं फुकट नसतं, मैत्रिणींनो. ते पैसे आपल्या हातातून जात नाहीत, म्हणून दिसत नाहीत इतकंच.

भाऊजी हिशेबापुढं गप्प झाले, पण त्यांचं मन वळलं ते वन्संच्या बोलण्यानं. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, तुझा आकडा मोठा आहे, पण मला आकडा नको. मला माझं दार हवंय.”

किंमत उतरवायचीच असेल तर एकदाच आणि नीट उतरवा. दर महिन्याला पन्नास हजार कमी करत गेलात, तर लोक पुढच्या महिन्याची वाट पाहतात. आम्ही महिनाभर घर कुणालाच दाखवलं नाही, जुन्या जाहिराती काढून टाकल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये तेहतीस लाखांनी नव्यानं सुरुवात केली.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

पहिल्या सतरांपैकी एका गृहस्थांनी तर घर जवळजवळ पसंत केलं होतं. त्यांच्या बँकेनं कागद पाहिले आणि कर्ज नाकारलं. करारनामा मामंजींच्या नावावर, सोसायटीचं भागपत्र सासूबाईंच्या नावावर, आणि विकणारी तीन मुलं! सासूबाई नॉमिनी होत्या म्हणून घर त्यांचं झालं, असं आम्ही सगळेच समजत होतो. तसं नसतं. नॉमिनी ही मिळकत सांभाळणारी व्यक्ती. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात असेल त्याची. वकिलांच्या सल्ल्यानं न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढलं, त्यात चार-साडेचार महिने गेले. हे काम आम्ही घर विकायला काढण्याआधी केलं असतं तर!

घर दाखवण्याआधी एका फाइलमध्ये हे लावून ठेवा : मूळ नोंदणीकृत करारनामा आणि नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, भागपत्र, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची आणि विजेची अलीकडची पावती, सोसायटीचं येणं बाकी नसल्याचं पत्र. कर्ज फिटलेलं असेल, तर बँकेचं तसं पत्र आणि बोजा उतरवल्याचा पुरावा. आमचं कर्ज २००४ मध्येच फिटलं होतं, पण पत्र हरवलं होतं. बँकेकडून ते पुन्हा मिळवावं लागलं. इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल, तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते एकट्याचं काम नव्हे, पण विषय सभेत काढणं आपल्या हातात आहे. मूळ कागद हरवले असतील, तर पोलिसांत नोंद करून दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत घ्या. आणि हस्तांतरणासाठी सोसायटीनं भरमसाट रक्कम मागितली, तर एक लक्षात असू द्या. शासनाच्या २००१ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिकेच्या हद्दीत हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही.

या कागदांच्या धांदलीत आमच्या एका नातेवाइकांनी ह्यांना सल्ला दिला : “बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्या, साडीचोळी करा, कागद सोपे होतील.” मैत्रिणींनो, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. कागद सोपे करायला हक्कसोडपत्राची गरज नसते. खरेदीखतावर तिघांनी सह्या केल्या, की तिघांचे पैसे तिघांच्या खात्यात जातात. आम्ही तेच केलं. तुमच्यापैकी कुणापुढं असा कागद आला, तर ‘भाऊ रागावेल’ म्हणून घाईनं सही करू नका. आधी वाचा, वकिलाला विचारा, मग तुमच्या मनानं ठरवा. आणि आपण भावजयीच्या जागी असलो, तर हे आपणच पुढं होऊन बोलावं.

घर दाखवताना

घर नेहमी दिवसा दाखवा, शक्यतो सकाळी दहा ते बारा. दोन तास आधी खिडक्या उघडून ठेवा. वीज आणि पाणी चालू असू द्या. बंद घरातले कोरडे नळ पाहून कुणाला भरवसा वाटत नाही. अगरबत्ती आणि सुगंधी फवारे नकोत. त्यानं उलट ‘वास झाकताहेत’ असं वाटतं.

घरातलं एकच माणूस हजर असावं. आम्ही सुरुवातीला चौघं-चौघं जात होतो आणि सगळे एकदम बोलत होतो! पाहायला आलेले पुरुष गाडीची जागा पाहतात, वडीलधारी माणसं देवघर आणि दाराची दिशा पाहतात, पण निकाल बहुधा स्वयंपाकघरात लागतो. तिथं त्या घरच्या बाईला पाच मिनिटं एकटीला सोडा. ती नळ सोडून पाहील, ओट्याच्या उंचीला हात लावील, कपडे वाळत कुठं घालायचे ते पाहील. आपण मागं मागं फिरून ‘हे पाहा, ते पाहा’ करू नये. ‘आम्हाला तातडीनं विकायचं आहे’ हे वाक्य तर चुकूनही नको.

दलाल एकच नेमा, दोन-तीन महिन्यांच्या बोलीवर. त्याचं कमिशन आणि आपली किंमत कागदावर लिहून घ्या. पाच दलाल पाच भाव सांगू लागले, की घराची किंमत राहत नाही.

आणि गिऱ्हाईक कुठं शोधायचं, तेही सांगते. आम्ही पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी इंटरनेटवर जाहिराती देत बसलो होतो. त्यांना पूर म्हटलं की धडकी भरते. आमचं घर ज्याला हवं असेल, तो माणूस खणभागातच होता! ज्याचं दुकान, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील तिथंच आहेत, त्याला पाण्याची बातमी नवी नसते. वाण्याकडे, शाळेत, भाजीवालीकडे सांगून ठेवलं. हो, त्याच भाजीवालीकडे! तिनंच पाठवलेलं एक कुटुंब मार्चमध्ये आलं. मागच्याच गल्लीत भाड्यानं राहणारं, बाई ब्लाउज शिवणाऱ्या. मी चौकटीवरची रेघ दाखवली तर त्या हसल्या. “आमच्या खोलीत गळ्याइतकं होतं त्या वर्षी. त्या मानानं हे घर म्हणजे डोंगरच की!” आमच्या दृष्टीनं जे उणं होतं, ते त्यांच्या दृष्टीनं अधिक होतं. त्यांचं आणि आणखी एका घरचं बोलणं एकाच आठवड्यात आलं. एकतीस लाखांना घर त्यांना दिलं. पाडव्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये खरेदीखत झालं.

पैशाचं थोडं

इसार घेताना लेखी पावती करा, त्यात पुढच्या हप्त्यांच्या तारखा घाला. १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. ‘थोडे वरचे रोख देतो’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर घेणारा एक टक्का प्राप्तिकर कापून भरतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. आमचा व्यवहार जुन्या नियमांत बसला. २३ जुलै २०२४ पासून हा दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर साडेबारा टक्के झाला आणि महागाईच्या निर्देशांकाची सवलत गेली. मात्र त्या तारखेआधी घेतलेलं घर भारतात राहणाऱ्या व्यक्तीनं विकलं, तर निर्देशांक लावून वीस टक्के किंवा तो न लावता साडेबारा, यांत जो कर कमी होईल तो भरावा लागतो. नफ्याच्या रकमेतून दोन वर्षांत दुसरं राहतं घर विकत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर नियमांप्रमाणे सूट मिळते. तेव्हा घर विकण्याआधीच सी.ए.ला तासभर भेटा.

घेणाऱ्या बाईंना मी एक गोष्ट आवर्जून सांगितली, तुम्हीही सांगा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर केवळ स्त्रियांच्या नावे घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अटही २०२३ मध्ये निघाली. एकतीस लाखांवर एकतीस हजार वाचले आणि घरही बाईंच्या नावावर झालं! नोंदणीच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा देताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

वन्संनी त्याच वर्षी दिवाळीआधी इचलकरंजीत एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. पहिल्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. सासूबाईंचे देव नव्या फळीवर बसले होते. दाराला वन्संच्या नावाची पाटी होती, आणि भाऊजी ती पुन्हा पुन्हा रुमालानं पुसत होते.

तेव्हा साताऱ्याच्या भगिनींनो, मीठ-मोहऱ्या ओवाळा, आणि वहीही करा. पुढच्या पत्रात वहीत काय सापडलं ते कळवा. आणि ‘कळवतो’ म्हणून गप्प बसू नका बरं!

जाता जाता : बंद घराचा कुबट वास घालवायला प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात लाकडी कोळशाचे चार-पाच तुकडे उघड्या ताटलीत ठेवा आणि दर पंधरवड्याला उन्हात तापवून घ्या. कपाटांची दारं उघडी ठेवून आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कापराची वडी ठेवावी. न्हाणीघराच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला विसरू नका. खालचं पाणी आटलं, की गटाराचा वास वर येतो, आणि घर पाहायला आलेल्या बाईच्या नाकाला तो सगळ्यात आधी कळतो.